संकेतस्थळावरील प्रतिमा: शोधसुलभता आणि सुगम्यता
(असोदा परिसरातील उदाहरणांच्या आधारे एक विवेचन)

सारांश

महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर छायाचित्रे, आलेख, परिपत्रके व सूचना प्रतिमारूपाने प्रसिद्ध केल्या जातात. या प्रतिमांना योग्य शब्दांची जोड नसल्यास दृष्टिबाधित वाचकाला त्यांतील आशय मिळत नाही आणि शोधयंत्रालाही त्यांचा नेमका अर्थ लागत नाही. या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी एकाच कामाने दूर होतात. मात्र ते काम वाचकाला समोर ठेवून झाले पाहिजे. केवळ शोधयंत्रासाठी केलेले लेखन दोघांनाही निरुपयोगी ठरते. प्रस्तुत लेखात पर्यायी मजकूर, प्रतिमेचे नामकरण, मजकुराच्या प्रतिमा, प्रतिमेचा आकार व भार, तसेच संबंधित कायदेशीर तरतुदी यांचे विवेचन केले असून असोदा परिसरातील उदाहरणे घेतली आहेत.

बीजसंज्ञा: पर्यायी मजकूर, शोधयंत्र, स्क्रीन रीडर, सुगम्यता, युनिकोड, महाविद्यालयीन संकेतस्थळ.

प्रस्तावना

जळगाव शहरालगतचे असोदा हे गाव मराठी वाचकाला प्रामुख्याने दोन कारणांनी परिचित आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी याच गावी महाजन कुटुंबात झाला. दुसरे कारण म्हणजे असोदा, भादली, बामणोद या पट्ट्यात पिकणारी भरिताची वांगी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. साहित्य, कृषी, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या चारही विषयांच्या प्राध्यापकांना या गावात अभ्यासविषय सापडू शकतो. क्षेत्रभेटी, शिबिरे, जयंतीचे कार्यक्रम यांची छायाचित्रे काढली जातात आणि ती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवली जातात.

ही छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली म्हणजे ती सर्वांपर्यंत पोहोचली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या २.६८ कोटी असून त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्ती दृष्टिबाधित आहेत. यांतील जे विद्यार्थी संगणक वा भ्रमणध्वनी वापरतात, ते पडद्यावरील मजकूर ऐकतात. त्यांच्या दृष्टीने शब्द नसलेली प्रतिमा म्हणजे पानावरील एक रिकामी जागा होय. दुसऱ्या बाजूला, असोदा गावाची माहिती शोधणाऱ्या डोळस अभ्यासकालाही ती प्रतिमा सापडेलच याची खात्री नसते. कारण शोधयंत्र प्रतिमेचा अर्थ लावताना तिच्याशी निगडित शब्दांवर मोठ्या प्रमाणात विसंबून असते.

प्रतिमेचे वाचन: स्क्रीन रीडर व शोधयंत्र

संकेतस्थळाचे पान एचटीएमएल या भाषेत लिहिलेले असते. त्यात प्रतिमा बसविण्यासाठी एक खूण वापरली जाते आणि त्या खुणेसोबत प्रतिमेविषयी काही माहिती नोंदविता येते. या माहितीपैकी 'ऑल्ट' या नावाने ओळखला जाणारा पर्यायी मजकूर सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रतिमा दिसू शकत नसेल तेव्हा तिच्या जागी वापरावयाचे शब्द, असा त्याचा अर्थ. १९९० च्या दशकाच्या मध्यास ही सोय एचटीएमएलच्या प्रमाण आवृत्तीत होती. दशकाच्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक प्रतिमेला तो देणे आवश्यक मानले गेले. पर्यायी मजकूर ही अलीकडे सुचलेली सुधारणा आहे, असे म्हणता येत नाही.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखविणारी अथवा ब्रेल पट्टीवर उमटविणारी आज्ञावली. जॉज ही सशुल्क आज्ञावली, २००६ साली ऑस्ट्रेलियात विकसित होऊ लागलेली व विनामूल्य मिळणारी एनव्हीडीए, आणि अँड्रॉइड भ्रमणध्वनीवरील टॉकबॅक ही त्याची प्रचलित उदाहरणे आहेत. पान वाचताना प्रतिमा आली की स्क्रीन रीडर प्रथम 'ग्राफिक' असे सांगतो व नंतर पर्यायी मजकूर वाचतो. तो मजकूर नसेल तर काही वेळा ती प्रतिमा गाळली जाते. विशेषतः प्रतिमेलाच दुवा जोडलेला असल्यास अनेकदा फाइलचे नाव वाचले जाते. अशा वेळी श्रोत्याच्या कानी 'आय एम जी अंडरस्कोर शून्य चार पाच सात' यासारखी निरर्थक अक्षरे पडतात.

शोधयंत्राची स्थिती याहून थोडी वेगळी आहे. गुगलने २००१ साली प्रतिमांचा स्वतंत्र शोध सुरू केला. आज प्रतिमेतील वस्तू ओळखण्याचे तंत्र बरेच प्रगत झाले असले, तरी प्रतिमेचा विषय ठरविण्यासाठी पर्यायी मजकूर, प्रतिमेभोवतीचा मजकूर, शीर्षक व फाइलचे नाव यांचा आधार घेतला जातो, असे गुगलच्याच मार्गदर्शनात नमूद आहे. याचे कारण समजण्यास सोपे आहे. यंत्र छायाचित्रातील वांगे ओळखू शकेल. परंतु ते वांगे असोद्याच्या शिवारातील आहे आणि वनस्पतिशास्त्र विभागाच्या क्षेत्रभेटीत ते टिपले गेले आहे, हे केवळ चित्रावरून त्याला कळण्याचा मार्ग नाही. ती माहिती छायाचित्र काढणाऱ्याजवळ असते आणि ती त्यानेच लिहावी लागते.

पर्यायी मजकूर: वर्णन नव्हे, प्रयोजन

पर्यायी मजकूर म्हणजे चित्रात जे जे दिसते त्याची यादी, असा एक गैरसमज आढळतो. वस्तुतः ती प्रतिमा त्या पानावर कोणत्या हेतूने ठेवली आहे, यावर तिचे शब्द अवलंबून असतात. एखादे पान दूरध्वनीवरून दुसऱ्याला वाचून दाखवावयाचे असल्यास त्या प्रतिमेपाशी थांबून काय सांगितले असते, हा प्रश्न स्वतःला विचारल्यास योग्य मजकूर सहज सुचतो.

भरिताच्या वांग्याचे एकच छायाचित्र तीन पानांवर वापरले आहे, असे समजू. वाणांची माहिती देणाऱ्या पानावर 'असोदा परिसरातील भरिताचे वांगे: फिकट हिरवा रंग, सालीवर पांढुरके पट्टे' असा मजकूर योग्य ठरेल, कारण तेथे वाचकाला वाणाची ओळख हवी आहे. भौगोलिक मानांकनावरील व्याख्यानाच्या वृत्तांतात 'व्याख्यानाच्या वेळी मांडलेली जळगावची भरीत वांगी' एवढे पुरेसे आहे. तिसऱ्या पानावर तेच चित्र केवळ शोभेसाठी मजकुराच्या कडेला लावले असेल, तर पर्यायी मजकूर रिकामा ठेवणे हेच योग्य होय. रिकामा ठेवणे आणि मुळीच न देणे यांत फरक आहे. रिकाम्या मजकुरावरून स्क्रीन रीडरला ही प्रतिमा वगळावयाची आहे, हे समजते. मजकूरच नसल्यास त्याला काहीच समजत नाही.

याच छायाचित्राला 'असोदा वांगी भरीत जळगाव वांगी उत्तम वांगी खानदेश भरीत प्रसिद्ध वांगी' असा मजकूर दिल्यास काय होईल? शोधशब्दांची अशी भरताड केली की प्रतिमा शोधात वर येते, ही समजूत अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. प्रत्यक्षात गुगल अशा भरताडीला गैरवापराचे लक्षण मानते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाला तर ही संपूर्ण माळ ऐकून घ्यावी लागते आणि शेवटी छायाचित्रात काय आहे हे कळत नाहीच. शोधयंत्रासाठी लिहिलेला मजकूर शोधयंत्रालाही उपयोगी पडत नाही, याचे हे सरळ उदाहरण आहे.

आलेख व तक्ते यांबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. 'प्रवेशसंख्येचा आलेख' एवढ्या शब्दांनी वाचकाला आलेख असल्याचे कळते, आलेखातील माहिती कळत नाही. तेथे आलेखातून निघणारा निष्कर्ष एका वाक्यात पर्यायी मजकूर म्हणून द्यावा आणि मूळ आकडे पानावरच खऱ्या तक्त्याच्या स्वरूपात ठेवावेत. बोधचिन्हाला मुखपृष्ठाचा दुवा जोडलेला असेल, तर बोधचिन्हातील दिवा, ग्रंथ व कमळ यांचे वर्णन करण्यापेक्षा महाविद्यालयाचे नाव व 'मुखपृष्ठ' हे शब्द उपयोगाचे आहेत. स्क्रीन रीडर 'ग्राफिक' असे आधीच सांगत असल्याने मजकुराचा प्रारंभ 'याचे छायाचित्र' अशा शब्दांनी करण्याचेही सहसा कारण नसते.

नाव, लिपी व भाषा

प्रतिमेला दिलेले नाव पुरेसे नेमके नसेल तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण बहिणाबाई हेच नाव आहे. मराठी साहित्यात या नावाच्या दोन कवयित्री आहेत. संत तुकारामांच्या शिष्या असलेल्या, शिऊर येथील संत बहिणाबाई सतराव्या शतकातील होत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचा काळ १८८० ते १९५१ असा आहे. केवळ 'बहिणाबाई' असे नाव दिलेली प्रतिमा शोधात कोणाच्याही नावापुढे येऊ शकते आणि एकीच्या माहितीशेजारी दुसरीचे चित्र वापरले जाण्याचा संभव निर्माण होतो. 'कवयित्री बहिणाबाई चौधरी' व 'संत बहिणाबाई, शिऊर' असा स्पष्ट निर्देश केल्यास हा घोटाळा टळतो. त्यातच 'बहिणाबाई' व 'बहीणाबाई', 'असोदा' व 'असोदे' अशी दुहेरी लेखने प्रचलित आहेत. पर्यायी मजकुरात एकच प्रमाण रूप ठेवून दुसरे रूप लेखाच्या ओघात एकदा यावे, हा सुवर्णमध्य होय.

फाइलचे नाव हाही शोधयंत्राला मिळणारा एक लहानसा संकेत असतो. ते देवनागरीत देता येते. परंतु त्यात एक व्यावहारिक अडचण आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, आणि पत्त्यात ते लिहिताना प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे वापरली जातात. 'असोदा' या शब्दात मात्रा व काना धरून पाच चिन्हे आहेत. त्यांचे पत्त्यातील रूप ४५ अक्षरांचे होते. असा पत्ता दुसरीकडे उतरवून घेताना तुटण्याची शक्यता वाढते. म्हणून फाइलचे नाव रोमन लिपीत, छोटे, अर्थपूर्ण व शब्दांमध्ये जोडरेघ देऊन ठेवावे. पर्यायी मजकूर व चित्राखालील ओळ मात्र पानाच्याच भाषेत, म्हणजे मराठीत असावी.

भाषेची नोंद हा याच्याशी संलग्न मुद्दा आहे. पान कोणत्या भाषेत आहे हे एचटीएमएलमध्ये नोंदविता येते. मराठीसाठी 'एम-आर' ही दोन अक्षरी खूण ठरलेली आहे. तयार नमुन्यांवरून बनविलेल्या संकेतस्थळांवर इंग्रजीची खूण तशीच राहून जाते. परिणामी स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी मजकूर वाचण्याचा प्रयत्न करतो. हिंदी व मराठीची लिपी एकच असल्याने केवळ लिपीवरून भाषा ओळखणेही विश्वसनीय नसते. 'चमचा' व 'चार' यांतील 'च'चे वेगवेगळे उच्चार मराठी श्रोत्याला सहज कळतात. हिंदीसाठी घडविलेला आवाज हा भेद पाळत नाही. पर्यायी मजकूर कितीही चांगला असला, तरी ही एक खूण चुकल्यास तो कानाला दुर्बोध होतो.

मजकुराची प्रतिमा: सूचना, यादी आणि कविता

प्रतिमांच्या संदर्भातील सर्वांत गंभीर प्रश्न छायाचित्रांचा नसून मजकुराच्या प्रतिमांचा आहे. परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम मुदत, गुणवत्ता यादी, वसतिगृह प्रवेशाची सूचना इत्यादी मजकूर संगणकावर टंकलिखित होतो, छापला जातो, त्यावर स्वाक्षरी व शिक्का उमटतो आणि मग तो कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढविला जातो. मुळात शब्द असलेली गोष्ट अशा रीतीने चित्र बनते. क्षेत्रभेटीचे छायाचित्र न समजल्याने विद्यार्थ्याचे होणारे नुकसान मर्यादित असते. शिष्यवृत्तीची मुदत न कळल्यास त्याचे संपूर्ण वर्ष अडचणीत येऊ शकते.

या प्रथेला तांत्रिक इतिहास आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ सालापासून असला, तरी दीर्घकाळ मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव यांसारख्या टंकांत तयार होत असे. या टंकांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच साठविली जात आणि पडद्यावर ती देवनागरीसारखी दिसत. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकुराचा निव्वळ गोंधळ दिसे. त्यामुळे मजकुराचे चित्र करून ठेवणे हा त्या काळी सुरक्षित उपाय होता. युनिकोड सर्वत्र उपलब्ध झाल्यानंतर हे कारण उरलेले नाही. सवय मात्र उरली आहे.

चित्रातील अक्षरे ओळखणारी आज्ञावली आता मराठीसाठीही उपलब्ध आहे आणि शोधयंत्रेही तिचा उपयोग करतात, हे खरे. परंतु तिरका स्कॅन झालेला कागद, अक्षरांवर पडलेला शिक्का, जोडाक्षरे व अनेक स्तंभांचे तक्ते यांत तिच्याकडून चुका होतात. वेळापत्रकात एक तारीख चुकीची वाचली गेली तरी विद्यार्थ्याला पेपरला मुकावे लागेल. म्हणून सूचनेचा मूळ मजकूर पानावर युनिकोडमध्ये द्यावा आणि स्वाक्षरीचा स्कॅन सोबत जोडावा, हा क्रम योग्य होय. मजकूर संगणकावर आधीच तयार असल्याने यासाठी वेगळे टंकलेखन करावे लागत नाही.

हाच प्रश्न साहित्याच्या बाबतीतही उद्भवतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम व शेतीकाम करता करता त्यांनी ओव्या व गाणी रचली. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी व नातलगांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ऐकण्यासाठी जन्मलेली ही कविता आज नक्षीदार पार्श्वभूमीवर छापून प्रतिमारूपाने पाठविली जाते आणि कवयित्रीच्या जयंतीला संकेतस्थळांवरही त्याच रूपात येते. अशा प्रतिमेतील कविता अंध वाचकाला ऐकता येत नाही, शोधयंत्राला तिच्यातील बोलीचे शब्द खात्रीने ओळखता येत नाहीत आणि बोलीच्या अभ्यासकाला ते शब्द उतरवूनही घेता येत नाहीत. लेवा गणबोलीतील शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. कविता पानावर मजकूर म्हणून, तिच्या मूळ बोलीतील लेखनासह द्यावी. सजावटीची प्रतिमा हवीच असेल तर ती जोडीला ठेवावी.

आकार, भार व वेग

प्रतिमा शब्दांनी समृद्ध असली तरी ती पडद्यावर वेळेत उमटली पाहिजे. ग्रामीण भागातील विद्यार्थी संकेतस्थळ बहुधा भ्रमणध्वनीवर पाहतो आणि त्याच्या जोडणीचा वेग ठिकाणागणिक बदलतो. भ्रमणध्वनीच्या १.२ कोटी बिंदूंच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र साधारणतः ४,००० बाय ३,००० बिंदूंचे असते. पानावर ते ८०० बाय ६०० बिंदूंच्या जागेत दाखवावयाचे असेल, तर ४ लाख ८० हजार बिंदू पुरतात. म्हणजे मूळ चित्र गरजेच्या २५ पट मोठे असते. दाट बिंदूंच्या पडद्यांसाठी दुप्पट रुंदी धरली तरी १,६०० बिंदूंपेक्षा अधिक रुंदी क्वचितच लागते.

याचा परिणाम साध्या गणिताने स्पष्ट होतो. प्रत्येकी ४ मेगाबाइटची दहा छायाचित्रे एका पानावर असल्यास पानाचा भार ४० मेगाबाइट होतो. सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने ते पूर्ण उतरण्यास १६० सेकंद लागतात. तीच छायाचित्रे प्रत्येकी १५० किलोबाइटची केल्यास तेच काम सुमारे ६ सेकंदांत होते. पानाचा मुख्य आशय २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा निकष गुगलने २०२० साली जाहीर केला आणि पुढे तो क्रमवारीच्या अनेक घटकांपैकी एक झाला. वेगाचा लाभ मात्र प्रथम विद्यार्थ्याला होतो. क्रमवारी हा त्याचा आनुषंगिक भाग आहे.

प्रतिमेचे स्वरूप तिच्या प्रकारानुसार निवडावे. छायाचित्रांसाठी जेपीईजी, रेषाकृती व बोधचिन्हांसाठी पीएनजी वा एसव्हीजी ही जुनी विभागणी आजही उपयुक्त आहे. गुगलने २०१० साली आणलेले वेबपी हे स्वरूप तेवढ्याच गुणवत्तेला साधारणतः कमी जागा घेते आणि सध्याचे सर्व प्रमुख न्याहाळक ते दाखवितात. प्रतिमेची रुंदी व उंची पानावर नोंदवून ठेवल्यास चित्र येईपर्यंत तिची जागा राखली जाते व वाचत असलेला मजकूर अचानक खाली सरकत नाही. पडद्याच्या खालच्या भागातील चित्रे वाचक तेथे पोहोचल्यावर उतरतील, अशीही व्यवस्था करता येते. पानाच्या माथ्यावरील मुख्य चित्राला मात्र ती लावू नये.

जिओटॅग छायाचित्रे

मूल्यांकनासाठी पुरावा म्हणून जिओटॅग छायाचित्रे सादर करण्याची पद्धत नॅकच्या प्रक्रियेमुळे महाविद्यालयांत रूढ झाली आहे. स्थळाचे अक्षांश-रेखांश दोन प्रकारे नोंदविले जातात: फाइलच्या आत अदृश्य माहिती म्हणून, अथवा चित्राच्या खालच्या भागावर छापलेल्या पट्टीच्या रूपात. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेल्या चित्रातील आतली माहिती निघून जाते, चित्राची गुणवत्ता घटते आणि फाइलला केवळ दिनांकवजा नाव मिळते. त्यामुळे छापील पट्टीचा वापर वाढला. ही पट्टीदेखील मजकुराची प्रतिमाच आहे. तीत असलेला दिनांक व स्थळ चित्राखालील ओळीत पुन्हा लिहावे: 'राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात असोदा येथे बंधारा बांधताना स्वयंसेवक' व त्यापुढे दिनांक. परीक्षण समितीलाही अशी ओळ पट्टीतील बारीक आकड्यांपेक्षा सोयीची ठरते.

फाइलमधील स्थळमाहिती जाहीर करताना एक विवेक बाळगणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याच्या घरी वा वसतिगृहात काढलेल्या छायाचित्रातून त्याचा राहण्याचा ठिकाणा उघड होऊ शकतो. पुराव्यासाठीची मूळ प्रत महाविद्यालयाच्या दप्तरी ठेवावी आणि संकेतस्थळावर ठेवावयाच्या प्रतीतून गरज नसलेली स्थळमाहिती काढून टाकावी.

मानके व कायदेशीर तरतुदी

संकेतस्थळांच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ साली प्रसिद्ध झाली. २००८ साली त्यांची दुसरी आवृत्ती आली व त्यानंतर २०१८ आणि २०२३ मध्ये भर घालण्यात आली. दुसऱ्या आवृत्तीपासून त्यांतील पहिलाच निकष, मजकूर नसलेल्या प्रत्येक आशयाला मजकुराचा पर्याय असावा, असा आहे. मजकुराच्या प्रतिमा टाळाव्यात हाही स्वतंत्र निकष आहे. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे, तर कलम ४६ सेवा पुरविणाऱ्या शासकीय तसेच खासगी संस्थांना लागू होते. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि शासनाने तीन महिन्यांत बंधनकारक मानके निश्चित करावीत, असे निर्देश दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ साली उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. नॅकच्या २०१७ नंतरच्या नियमपुस्तिकेत दिव्यांगस्नेही सोयींमध्ये सुगम्य संकेतस्थळ व स्क्रीन रीडर यांचा उल्लेख आहे. ज्या पुराव्यांसाठी संकेतस्थळावर शेकडो छायाचित्रे चढविली जातात, ती छायाचित्रेच सुगम्य नसतील तर त्या पुराव्याला उणेपणा येतो.

महाविद्यालयासाठी कार्यपद्धती

पर्यायी मजकूर कोणी लिहावा, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. संकेतस्थळाचे काम बाहेरच्या व्यावसायिकाकडे दिलेले असल्यास त्याच्या हाती केवळ छायाचित्रांचा संच पोहोचतो. चित्रातील गाव असोदा आहे की भादली, उभी असलेली व्यक्ती वक्ता आहे की सरपंच, हे त्याला ठाऊक असणे शक्य नाही. यंत्राकडून मिळणाऱ्या वर्णनालाही हीच मर्यादा आहे. फेसबुकने २०१६ साली चित्रांचे स्वयंचलित वर्णन सुरू केले आणि त्यानंतर हे तंत्र बरेच पुढे गेले. तरीही 'झाडाखाली उभे असलेले लोक' यापलीकडचा स्थानिक संदर्भ माणसालाच पुरवावा लागतो. यंत्राचा मसुदा घ्यावयास हरकत नाही, परंतु तो जाणकाराने तपासलाच पाहिजे. म्हणून पुढील कार्यपद्धती सुचविता येते:

१. उपक्रमाच्या संयोजक प्राध्यापकांनी अहवालासोबत मोजकी छायाचित्रे निवडून द्यावीत व प्रत्येकासाठी एका-दोन वाक्यांचा मजकूर लिहावा. एकाच प्रसंगाची चाळीस चित्रे देण्यापेक्षा शब्दांसह दिलेली चार चित्रे अधिक माहिती देतात.

२. सूचना, वेळापत्रके व याद्या युनिकोड मजकुराच्या रूपात पानावर द्याव्यात. स्कॅन केलेली प्रत जोडपत्र म्हणून असावी.

३. संकेतस्थळावर चढविण्यापूर्वी प्रतिमांची रुंदी व भार कमी करावा आणि फाइलला अर्थपूर्ण नाव द्यावे.

४. संकेतस्थळाच्या देखभालीच्या करारात पर्यायी मजकूर, भाषेची नोंद व सुगम्यतेचे निकष यांचा स्पष्ट समावेश करावा.

५. महिन्यातून एकदा न्याहाळकात प्रतिमा बंद ठेवून आणि एनव्हीडीएसारख्या विनामूल्य स्क्रीन रीडरने मुख्य पाने ऐकून तपासणी करावी. महाविद्यालयात दृष्टिबाधित विद्यार्थी असल्यास त्यांच्या अनुभवाला या तपासणीत प्रथम स्थान द्यावे.

जुन्या सर्व प्रतिमांना एकाच वेळी मजकूर देणे शक्य नसते. अशा वेळी प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्तीची पाने प्रथम हाती घ्यावीत, त्यानंतर विभागांची माहिती व शेवटी छायाचित्र-दालन, असा अग्रक्रम ठेवावा.

निष्कर्ष

संकेतस्थळावरील प्रतिमांची शोधसुलभता व सुगम्यता ही दोन स्वतंत्र कामे मानली जातात. एक प्रसिद्धीचे आणि दुसरे सेवाभावाचे. वरील विवेचनावरून असे दिसून येते की, प्रतिमेला नेमके शब्द देणे, मजकूर मजकुराच्याच रूपात ठेवणे, भाषेची योग्य नोंद करणे आणि प्रतिमेचा भार आटोक्यात ठेवणे या चार गोष्टींतून दोन्ही हेतू साधतात. दोहोंत विरोध दिसतो तो केवळ शोधशब्दांच्या भरताडीपुरता, आणि ती भरताड शोधयंत्रालाही मान्य नाही. या कामासाठी मोठा निधी वा विशेष तांत्रिक ज्ञान लागत नाही. प्रत्येक छायाचित्रामागे दोन मिनिटे आणि त्या विषयाची जाण असलेली व्यक्ती लागते. ती जाण प्राध्यापकांजवळ आहे. म्हणून पर्यायी मजकुराचे लेखन संगणक कक्षाकडे न सोपविता, उपक्रमाच्या अहवाललेखनाचाच एक भाग म्हणून प्रत्येक विभागाने स्वीकारणे इष्ट ठरेल. सुरुवात मात्र छायाचित्रांपासून न करता शिष्यवृत्तीच्या पुढील सूचनेपासून करावी; कारण ती ज्याला वाचता येत नाही, त्याचे नुकसान सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक होते.